पॅनेलची शाकारणी

मे महिन्याचा पहिला पंधरवडा सरला की कोकणातल्या घरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, घाई सुरू होते. पडवीत लाकूडफाटा रचला जातो, आमसुले, सांडगे आणि वर्षाच्या मिरच्या डब्यांत भरल्या जातात, अंगणातला पाचोळा गोळा होतो, आणि एके दिवशी सकाळी भिंतीला शिडी लागते. शिडी लागली म्हणजे शाकारणी आली. कौले ओळीओळीने उतरवायची, खराट्याने त्यांच्यावरचे शेवाळ झाडायचे, फुटकी बाजूला काढायची, रिपा आणि वासे हाताने दाबून वाळवी आतून पोखरते आहे का ते पाहायचे, आणि मग वळचणीपासून आढ्याकडे एकेक ओळ पुन्हा लावत जायचे. माझे सासरे हयात होते तोवर हे काम त्यांच्या नजरेखाली होत असे. ते अंगणात उभे राहून, कपाळावर हात धरून, दिवसभर वर पाहत असत. गेल्या वर्षी कुठून ठिबकले होते ते त्यांना कौलाच्या ओळीसकट आठवत असे.

आता आमच्या घराची मागची पडवी आणि स्वयंपाकघर तेवढे कौलारू उरले आहे. पुढच्या भागावर स्लॅब आहे, आणि त्या स्लॅबवर २०२४च्या एप्रिलमध्ये आम्ही सहा सौर पॅनेल बसवून घेतले. प्रत्येक पॅनेल ५४० वॅटचा, म्हणजे सगळे मिळून सव्वातीन किलोवॅटला थोडे कमी. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली होती, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळत होते, आणि रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावात खाडीकाठच्या पाचसात घरांवर एकाच उन्हाळ्यात पॅनेल चढले. बसवून देणाऱ्याने जाताना सांगितलेले वाक्य माझ्या लक्षात आहे. तो म्हणाला, “काकू, याला देखभाल अशी काही लागत नाही. पाऊस सगळे धुऊन काढतो.” सासूबाई तेव्हा झोपाळ्यावर बसल्या होत्या. तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “छपरावर काहीही बसवा गो, वर्षातून एकदा माणूस वर चढलाच पाहिजे.” मी मान डोलावली, पण मनातून त्या विक्रेत्यावर विश्वास ठेवला, कारण त्याचे बोलणे ऐकायला सुखाचे होते.

त्याच्या वाक्यात खोटेपणा नव्हता, पण ते वाक्य आमच्या हवेचे नव्हते. घाटावर, जिथे आठ महिने धूळ उडते आणि पाऊस बेताचा पडतो, तिथे पॅनेलचा मुख्य शत्रू धूळच असते, आणि एक चांगली सर आली की काच स्वच्छ होते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे धूळ हा लहान प्रश्न आहे. इथे पाणी चार महिने प्रत्येक सांध्यात, प्रत्येक बोल्टाखाली, प्रत्येक तारेच्या तोंडाशी वाट शोधत असते, आणि उरलेले आठ महिने खारा वारा त्याचे अर्धे राहिलेले काम पुढे नेत असतो. पॅनेलची काच पाऊस धुतो हे खरेच आहे. पण पॅनेल म्हणजे नुसती काच नव्हे.

काचेपासूनच सुरुवात करायची तर तिच्यावरही पाऊस धुऊ न शकणाऱ्या गोष्टी बसतात. आमच्या घराच्या पश्चिमेला हापूसची तीन झाडे आहेत. जानेवारीत मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात, मोहोराचा रस शोषतात आणि अंगावाटे मधासारखा चिकट द्रव टाकतात. बागायतदारांना हा चिकटा चांगला ठाऊक आहे, कारण पानांवर तो पडला की त्यावर काळी बुरशी वाढते आणि झाड काजळी फासल्यासारखे दिसू लागते. हाच चिकटा वाऱ्याबरोबर पॅनेलच्या काचेवर सूक्ष्म थेंबांनी येऊन बसतो, त्यावर रस्त्याची तांबडी माती चिकटते, आणि फेब्रुवारीअखेर बोट फिरवले तर काच खरखरीत लागते. त्यानंतर तीन महिने पाऊस नसतो, आणि नेमके तेच तीन महिने वीज भरघोस तयार होण्याचे असतात. म्हणून आमच्या घरचे पहिले धुणे मोहोर गळून कैरी धरली की होते.

दुसरी गोष्ट पॅनेलच्या खालच्या कडेची. आमच्या पॅनेलांचा उतार बेताचा आहे, त्यामुळे पाणी वाहून जाते पण चौकटीच्या खालच्या ओठाशी बोटभर पाणी थांबते. ते वाळते तेव्हा त्यातली माती तिथेच राहते, पुढच्या पावसात तीवर थोडी भर पडते, आणि काही महिन्यांत काचेच्या तळाशी दोन बोटे रुंदीचा एक तपकिरी पट्टा तयार होतो, ज्यात पुढे शेवाळही धरते. सगळी काच चकचकीत आणि फक्त तळाला एक पट्टा, यात काय मोठेसे बिघडले, असे पाहणाऱ्याला वाटेल. पण पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्या, म्हणजे सेल, एकामागे एक अशा ओळीने जोडलेल्या असतात, आणि एकाच ओळीतली सर्वांत कमकुवत चकती जेवढा प्रवाह देईल तेवढाच बाकीच्यांना देता येतो. आमच्यासारख्या अर्ध्या कापलेल्या चकत्यांच्या आणि उभ्या बसवलेल्या पॅनेलांत तळाची रांग झाकली गेली की पॅनेलचा खालचा सगळा अर्धा भाग मागे पडतो. कावळ्याच्या विष्ठेचेही तसेच आहे. ती पावसाने विरघळत नाही, उन्हात पापुद्रा होऊन बसते, आणि तिच्याखालची चकती वीज देण्याऐवजी दुसऱ्यांची वीज गिळून तापत राहते. पॅनेलच्या पाठीमागे असलेले डायोड अशा तापलेल्या भागाला वळसा देऊन प्रवाह पुढे नेतात म्हणून काच फुटत नाही, पण तेवढ्या भागाची वीज मात्र गेलेली असते.

धुण्याची पद्धत साधी आहे आणि ती साधीच ठेवावी. सूर्य वर यायच्या आत, काच थंड असताना, मऊ फडके किंवा लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये, भांडी घासण्याची काथ्याची घासणी लावू नये, साबणाची पूड नको, आणि पॅनेलवर पाय तर कधीही देऊ नये, कारण काच माणसाचे वजन सोसते पण खालच्या चकत्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्या वर्षानुवर्षे वाढत राहतात. आमच्या विहिरीचे पाणी मार्चनंतर मचूळ होते. ते काचेवर वाळले की पांढरे डाग धरते, म्हणून मी पागोळ्यांचे पाणी दोन पिंपांत साठवून ठेवते आणि धुण्याच्या शेवटी तेच ओतते. हे पाणी साठवायला जागा लागते, पिंपांवर जाळी घट्ट बांधावी लागते नाहीतर डास होतात, पण फरक स्पष्ट दिसतो.

पहिला पावसाळा, २०२४चा, काही न करता पार पडला, आणि विक्रेत्याचे म्हणणे मला खरे वाटू लागले. दुसऱ्या वर्षी पाऊस मृगाची वाट पाहत थांबला नाही. २०२५ साली २५ मे रोजीच मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला, आणि त्याच्या आधीचे काही दिवसही आमच्याकडे पावसाचेच होते. आमची आगोट अर्धी राहिली. मागच्या पडवीची कौले कशीबशी पालटून झाली, स्लॅबवर चढायचे राहून गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी चहा करताना मला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. आमचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून देणारी पेटी, जिन्याखाली आहे. सकाळी उजेड पुरेसा झाला की तो काही मिनिटे तपासणी करतो आणि मग आतला रिले “टक्” असा आवाज करून महावितरणच्या लाइनला जोडून घेतो. वर्षभरात त्या आवाजाची कानाला सवय झाली होती. त्या दिवशी आवाज आला नाही. जाऊन पाहिले तर लाल दिवा होता आणि पडद्यावर इन्सुलेशनच्या बिघाडाची सूचना होती. अकराच्या सुमारास, मी शेजारी गेलेली असताना, तो आपोआप सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत उत्तम चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बसवून देणाऱ्यांकडे फोन केला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांचा माणूस आला, त्याने पडदा पाहिला, हिरवा दिवा पाहिला आणि म्हणाला, “काकू, सगळे व्यवस्थित चालू आहे.” पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला, पुन्हा तो दुपारीच आला आणि पुन्हा तेच म्हणून गेला. माझी तक्रार त्या मुलावर नाही, कारण त्याला पाच गावांची घरे दिली होती. पण “बिघाड सकाळी दिसतो” असे मी फोनवर दोनदा सांगूनही ते कोणी लिहून घेतले नाही, याचे वाईट वाटले.

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि नोंद ठेवण्याची सवय त्या कामाने लावली आहे. मी वहीत रकाने आखले: रात्री पाऊस किती, वारा कोणत्या बाजूचा, सकाळी इन्व्हर्टर किती वाजता सुरू झाला. पाऊस मोजायला शाळेत मुलांसोबत बनवायचो तशीच बाटलीची पर्जन्यमापी गच्चीच्या कठड्यावर बांधली. अकरा दिवसांत चित्र उघड झाले. रात्र कोरडी गेली की इन्व्हर्टर पावणेसातला सुरू होत होता. पाऊस सरळ पडला तर आठ-साडेआठला. नैर्ऋत्येचा वारा घेऊन तिरपा झोडपणारा पाऊस झाला की अकरा, साडेअकरा, एकदा तर पावणेएक.

याचा अर्थ लावायला फार विद्या लागत नाही. इन्व्हर्टर रोज सकाळी लाइनला जोडून घेण्याआधी एक मोजमाप करतो. पॅनेलकडून येणाऱ्या तारा आणि जमीन यांच्यामध्ये पुरेसा अडथळा आहे का, म्हणजे वीज कुठे झिरपत तर नाही ना, हे तो पाहतो. अडथळा कमी भरला तर तो सुरू होण्यास नकार देतो, आणि हा त्याचा नकार माणसाच्या जिवासाठी असतो. कुठेतरी पाणी शिरलेले असले की रात्रीच्या पावसानंतर तो अडथळा घसरतो, आणि ऊन पडून ती जागा वाळली की पुन्हा वर येतो. दुपारी येणाऱ्या माणसाला म्हणूनच काही सापडत नव्हते. प्रश्न एवढाच उरला होता की पाणी शिरते कुठे.

२४ जूनला सकाळी सातच्या सुमारास पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा मी वर गेले. स्लॅबवर शेवाळ होते, म्हणून कठडा धरून, पाय घसटत चालले. पॅनेलांच्या रांगेशी गुडघ्यावर बसून खाली पाहिले. तारा चौकटीला पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. त्या पट्ट्या उन्हाने पिवळ्या पडून तडकल्या होत्या, दोन तुटून खाली पडल्या होत्या, आणि चौथ्या पॅनेलखाली तार झोळ खाऊन स्लॅबला टेकली होती. जिथे ती टेकली होती नेमके तिथेच दोन तारांना जोडणारे काळे कनेक्टर होते. स्लॅबच्या त्या खळग्यात दोन बोटे पाणी होते, आंब्याची कुजलेली पाने होती, आणि त्या पाण्यात तो कनेक्टर अर्धा बुडून, हिरव्या शेवाळाची बारीक दाढी फुटल्यासारखा पडला होता. त्याच्या कडेने एक गोगलगाय चालली होती. मी तिथे किती वेळ बसून राहिले ते आठवत नाही. वर्षभर आम्ही खाली पंख्याखाली निश्चिंत बसलो होतो आणि डोक्यावर हे असे होते.

मी त्याला हात लावला नाही, आणि हे वाचणाऱ्या कोणीही लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. असे सहा पॅनेल एकामागे एक जोडले की त्यांच्या टोकांशी तीनशे व्होल्टच्या जवळ दाब असतो. आभाळ भरून आले आहे, वीज थोडीच तयार होते आहे, म्हणून धोका कमी, ही समजूत घातक आहे. ढगाळ उजेडात कमी होतो तो प्रवाह, व्होल्टेज जवळपास पूर्ण असते. शिवाय ही वीज एकदिश असते. घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी लवकर विझते. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही, त्यामुळे चालू भारावर कनेक्टर ओढून काढला तर त्या फटीत ज्योत पेटून ती टिकून राहते. आधी लाइनकडचा स्विच, मग पॅनेलकडचा स्विच बंद करावा, आणि एवढे करूनही वरच्या तारा उजेड आहे तोवर जिवंतच असतात हे लक्षात ठेवावे. मी दोन्ही स्विच बंद केले, लांबूनच फोटो काढला आणि तो पाठवून सांगितले की उद्या सकाळी आठच्या आत येणार असाल तरच या, दुपारी येऊ नका.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पावणेआठला भिजत आला. त्याने मेगर, म्हणजे तारा आणि जमीन यांमधला हाच अडथळा मोजायचे यंत्र, लावून पाहिले, आकडा पाहून तो गप्प झाला, आणि रबरी हातमोजे घालून कनेक्टर सोडवला. आतून काळसर पाण्याचा थेंब बाहेर आला. तांब्यावर हिरवी कळा चढली होती आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला भाजल्याचा तपकिरी डाग होता. कनेक्टरचे दोन भाग दोन वेगळ्या कंपन्यांचे होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “पॅनेलबरोबर एक येतो, वायरीला आमच्याकडे असेल तो लावतो. बसतात काकू एकात एक.” बसतात, हे खरे आहे. पण दोन वस्तू एकात एक बसणे आणि त्यांच्यातून चार महिने पाणी न जाणे यांत फरक आहे. रबरी कडीची जाडी केसभर जरी वेगळी असली तरी ती दाबली जात नाही, धातूचा स्पर्श अपुरा राहतो, स्पर्श अपुरा म्हणजे उष्णता, उष्णतेने प्लास्टिक सैल, आणि सैल झाले की पाणी. आमच्या भागात ज्यांच्या छपरावर पॅनेल आहेत त्यांना मी तेव्हापासून एकच प्रश्न विचारते, की तुमच्या कनेक्टरचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे आहेत का. अजून तरी कोणाला उत्तर ठाऊक नव्हते.

त्या मुलाने नंतर काम मन लावून केले, हे सांगितले पाहिजे. एकाच बनावटीची नवी जोडी लावली, बाकीचे सगळे कनेक्टर तपासले, तारा स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यांनी चौकटीला अडकवून स्लॅबपासून वीतभर वर घेतल्या, आणि तार भिंतीतून आत शिरते तिथे तिला खाली एक झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, आत येत नाही. आमच्या जुन्या वायरमननी खांबावरून घरात येणाऱ्या तारेला असाच झोळ दिलेला आहे. त्या दिवसापासून सकाळचा टक् पुन्हा वेळेवर येऊ लागला.

त्यानंतर मी सगळ्याच सांगाड्याकडे सासऱ्यांच्या नजरेने पाहू लागले. खारे वारे लोखंडाला काय करतात हे खिडकीच्या गजांवरून आम्हाला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला आहे, पण बसवताना जागेवर जिथे जिथे कापले आणि भोके पाडली तिथे मुलामा उरत नाही, आणि गंज नेमका त्या टोकांपासून सुरू होतो. त्या जागा दर वर्षी तारेच्या ब्रशने घासून तिथे जस्ताचा रंग द्यावा लागतो. बोल्ट स्टेनलेसचे आणि चौकट ॲल्युमिनियमची असेल तर त्या दोन धातूंच्या मध्ये खारट ओल राहिली की तिथे एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. बोल्टाभोवती पांढरी पूड दिसू लागली की हे चालू आहे असे समजावे. पाना लावून प्रत्येक बोल्ट ताणून पाहणे हे आमच्या मेमधल्या कामात आता धरलेले आहे, आणि ते वाऱ्यासाठीही आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता, आणि शेजारच्या दापोली-मंडणगडकडे छपरांचे पत्रे आणि नारळी-पोफळीच्या बागा कशा झाल्या ते आम्ही पाहिले आहे. अठ्ठावीस किलोचा, अडीच चौरस मीटरचा पॅनेल एका बाजूने सुटला तर तो शिडासारखा फुगतो.

आकाशातल्या विजेची भीती मृगाच्या आधी आणि पुन्हा परतीच्या पावसात. जांभ्या दगडाची आमची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की अर्थिंगचा खड्डा नावापुरता राहतो, कारण जमिनीतून वीज जायला ओल लागते. मेमध्ये मोजले तेव्हा आमच्या एका खड्ड्याचा अडथळा चौदा ओहम भरला, चार दिवस रोज दोन बादल्या पाणी घातल्यावर तो चारवर आला. नेमका मेच्या अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असताना, वळवाच्या विजा कडाडतात. म्हणून तुळशीला पाणी घालताना एक बादली तिकडे जाते. जोडपेटीत विजेचा तडाखा अडवणारा वीजरोधक असतो, त्याच्या खिडकीत हिरवी खूण असते. ती लाल झाली की त्याने एक तडाखा आपल्या अंगावर घेतला आणि आता तो बदलायचा, एवढेच.

जुलैत गावातले लोक मला विचारतात, पॅनेल बिघडले का. माझ्या वहीत एप्रिलमध्ये दिवसाला चौदा युनिट लिहिलेले आहेत आणि जुलैत पाच-सहा, आणि संततधार लागलेल्या एका दिवशी १.२. यात बिघाड नाही. ढग हे मोठे कारण आहेच, पण दुसरे कारण मला शिक्षिका म्हणून फार आवडते. आम्ही सतराव्या अक्षांशाजवळ राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. आमचे पॅनेल मात्र दक्षिणेकडे तोंड करून बसलेले असतात. पावसाळ्याचा मोठा भाग ते सूर्याकडे किंचित पाठ फिरवून काम करतात. पॅनेल बरे आहेत की नाही हे आपल्याच एप्रिलशी ताडून ठरवू नये. त्याच दिवशीच्या शेजाऱ्याच्या पॅनेलशी, किलोवॅटच्या हिशेबाने, ताडावे. आणि एप्रिललाही फार मान देऊ नये, कारण पॅनेलवरचा ५४० वॅटचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो, आणि आमच्या स्लॅबवर एप्रिलच्या दुपारी चकत्या साठ अंशांवर तापतात तेव्हा एक अष्टमांश वीज उष्णतेनेच जाते. वहीत क्षणभराचा सर्वांत मोठा आकडा आहे तो सप्टेंबरचा. सर येऊन गेलेली, काच गार आणि धुतलेली, आणि पांढऱ्या ढगाच्या कडेने अचानक ऊन पडलेले. तेव्हा थेट ऊन आणि ढगाच्या कडेवरून परतलेला उजेड दोन्ही एकदम मिळतात. दोन मिनिटे टिकते ते. उन्हाळ्यात जास्तीची तयार झालेली वीज महावितरणच्या हिशेबात पुढच्या महिन्यांसाठी जमा राहते आणि मार्चअखेरीस तो हिशेब मिटतो. त्यामुळे एप्रिल-मेची बेगमी जुलैत खाणे जमते, जशी आगोटीची.

एक गोष्ट मात्र लोकांना आधी सांगितली जात नाही आणि ती सांगायला हवी. वादळात झाड पडून लाइन गेली की बॅटरी नसलेला असा संच ऊन असूनही बंद राहतो. खांबावर तार जोडणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून वीज उलट जाऊन झटका बसू नये म्हणून तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. हे योग्यच आहे. पण दोन-दोन दिवस वीज नसलेल्या गावात, डोक्यावर पॅनेल असलेल्या घरात, कंदील लावताना म्हाताऱ्या माणसांना ते समजावून सांगणे अवघड जाते. सासूबाईंनी मात्र एकदाच ऐकले आणि म्हणाल्या, “खांबावरचा कोणाचा तरी मुलगाच असतो.”

या वर्षी मी वाट पाहिलेली नाही. हापूसची जी फांदी दुपारी साडेतीननंतर शेवटच्या पॅनेलवर सावली टाकत होती ती फळे उतरवून झाल्यावर हातभर छाटून घेतली. झाड सासऱ्यांच्या हातचे आहे, त्याहून जास्त छाटू दिले नाही. पॅनेलखालचा पाचोळा काढला, खळगा सिमेंटने भरून पाण्याला पन्हळीकडे वाट करून दिली, कुंभारमाशीची दोन मातीची घरटी जोडपेटीजवळून काढली. येत्या शनिवारी मागची कौले परतायला माणसे येणार आहेत आणि त्याच दिवशी सकाळी आठ वाजता तो मुलगा मेगर घेऊन येणार आहे. शिडी एकच आहे, त्यामुळे आधी कोण चढणार ते ठरवावे लागेल. सासूबाईंनी आजच विचारून ठेवले आहे की पोहे किती माणसांचे भिजवायचे.